इंजिनाचा सायलेन्सर आपल्या हाताने बदलू या



आपल्या कबनूरच्या भागात आता बहुतेक मळ्यांत विजेची मोटार आहे. तरी जुने ऑइल इंजिन अजून पुष्कळांनी जपून ठेवले आहे. वीज गेली, ऊस वाळायला लागला, की हेच इंजिन उपयोगी पडते. एकेकाळी विहिरीचे पाणी उपसायला आणि गुऱ्हाळाचा चरक फिरवायला हेच लागायचे. पुण्याजवळ खडकीला किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना १९४६ साली निघाला. आपल्या कोल्हापुरातही उद्यमनगरात कारागिरांनी ऑइल इंजिने बनवली. ती इंजिने दणकट असतात. नीट राखली तर बापानंतर मुलाच्या हाती येतात.

इंजिन टिकते, पण त्याचा धुराचा नळ आणि सायलेन्सर टिकत नाही. तो गंजतो, फुटतो. मग इंजिन मोठ्याने फटफटते. पुष्कळ जण म्हणतात, "आवाज येतोय, येऊ दे. पाणी पडतंय नव्हं?" हे बोलणे बरोबर नाही. सायलेन्सरचे काम नुसता आवाज कमी करणे हे नाही. विषारी धूर माणसापासून दूर नेणे हे नळाचे मोठे काम आहे. म्हणून हा पाठ लिहिला आहे.

आम्ही मिस्त्री नाही. आम्ही शाळामास्तर. पण आमच्या मळ्यात जुने इंजिन आहे आणि त्याचा सायलेन्सर आम्ही घरच्या घरी बदलतो. ज्याला पाना धरता येतो, त्याला हे काम जमेल. फक्त घाई करायची नाही.

१. धूर कोठून येतो?

इंजिनाच्या पोटात एक गोल पोकळी असते. तिला सिलिंडर म्हणतात. तिच्यात दट्ट्या खालीवर होतो. दट्ट्या चार कामे करतो. पहिल्यांदा हवा आत ओढतो. दुसऱ्यांदा ती हवा दाबतो. दाबलेली हवा फार तापते. तिच्यात डिझेल फवारले की ते पेटते आणि दट्ट्या जोराने खाली जातो. हे तिसरे काम. चौथ्या वेळी दट्ट्या वर येतो आणि जळालेली हवा बाहेर ढकलतो. तोच धूर.

या चार कामांना चाकाचे दोन फेरे लागतात. आता हिशेब करू. इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर धूर किती वेळा बाहेर पडेल? १५०० भागिले २, म्हणजे ७५० वेळा. म्हणजे दर सेकंदाला बारा-तेरा धक्के. प्रत्येक धक्का म्हणजे एक छोटा फटाकाच. सायलेन्सरच्या डब्यात आडपडदे आणि भोके असतात. धक्का त्यांच्यात अडखळतो आणि शांत होतो.

भार असताना हा धूर चारशे-पाचशे अंशांपर्यंत तापू शकतो. पाणी शंभर अंशांवर उकळते. यावरून नळ किती तापतो ते समजेल.

२. नळ आतून का गंजतो?

पावसाने बाहेरून गंज चढतो, हे आपण पाहतो. पण नळ आतूनही गंजतो. त्याचे कारण ऐकून नवल वाटेल. डिझेल जळते तेव्हा त्यातून पाणी तयार होते! एक लिटर डिझेल जळले, तर जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने धुराबरोबर बाहेर पडते. इंजिन गरम असेल तर वाफ निघून जाते. इंजिन थंड असेल तर वाफेचे पाणी होते आणि सायलेन्सरच्या तळाशी साचते. धुरातला थोडा गंधकाचा अंश त्या पाण्यात मिसळतो. मग ते पाणी आंबट होते, आणि आंबट पाणी लोखंड खाते.

म्हणून इंजिन पाच मिनिटे चालवून बंद करण्याची सवय वाईट. चालवायचे तर वीस-पंचवीस मिनिटे तरी चालवावे. नळ आतून वाळला पाहिजे.

दुसरे कारण हादरा. इंजिन हादरते. नळाला आधार नसेल, तर त्याचा सगळा भार जोडावर येतो. मग जोडातले पॅकिंग जळते, बोल्ट ढिले होतात, नळाला चीर पडते.

३. बिघाड कसा ओळखावा?

पुढील खुणा पाहाव्यात.

जोडाभोवती काळी काजळी दिसली, तर तेथून धूर गळतो आहे.

आवाज एकदम वाढला, किंवा "फट फट" ऐवजी "फुस फुस" असा आवाज जोडातून येऊ लागला, तर पॅकिंग गेले आहे.

सायलेन्सरवर पाना हलकेच वाजवावा. खणखणीत आवाज आला तर पत्रा चांगला. बद्द आवाज आला, किंवा आतून खुळखुळ ऐकू आली, तर आतले पडदे सुटले आहेत.

इंजिन दमते, काळा धूर टाकते, तर नळ काजळीने चोंदला असेल. काळ्या धुराची दुसरी कारणेही असतात. हवा घेण्याची जाळी भरली, तरी काळा धूर येतो. म्हणून आधी ती जाळी पाहावी.

खोलीत डोळे चुरचुरतात, डोके जड होते, तर मुळीच वाट पाहू नये. इंजिन बंद करावे आणि उघड्यावर यावे.

४. न दिसणारे विष

धुरात एक वायू असतो. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. तो नाकाला समजत नाही. तो कसा मारतो, ते नीट वाचा.

आपण श्वास घेतो तेव्हा हवेतला प्राणवायू रक्तात जातो. रक्त म्हणजे जणू एस.टी. आणि प्राणवायू म्हणजे उतारू. रक्त त्याला छातीतून मेंदूपर्यंत पोचवते. हा विषारी वायू त्या एस.टी.त आधीच जागा धरून बसतो. तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट बसतो. उठत नाही. मग प्राणवायूला जागा मिळत नाही. माणसाचे डोके दुखते, घेरी येते, मळमळते, पायांतले बळ जाते. माणूस खाली बसतो, आणि तेथेच राहतो.

पेट्रोलच्या लहान इंजिनात हा वायू जास्त असतो. डिझेलच्या इंजिनात कमी असतो. पण बंद खोलीत किंवा खोल विहिरीत कमी म्हणजे थोडका नव्हे. शिवाय इंजिन तेथली चांगली हवा ओढून घेते, ते वेगळेच.

पाणी खोल गेले की काही लोक इंजिन विहिरीत उतरवतात. वारा नाही, धुराला वाट नाही. खाली गेलेला माणूस पडतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, तोही पडतो. मग बाप उतरतो. अशा रीतीने एकाच घरातली माणसे गेल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो. म्हणून नियम एकच. इंजिन विहिरीत चालवायचे नाही. सायलेन्सर नवा असला, तरी नाही.

आपल्याकडे विहिरीत आधी कंदील सोडून पाहतात. कंदील विझला तर उतरत नाहीत. ही रीत जुनी आणि चांगली आहे. पण ती पुरेशी नाही. प्राणवायू फार कमी झाला तर कंदील विझतो. कार्बन मोनॉक्साइडने तो विझत नाही. माणूस मरेल इतका हा वायू असला, तरी कंदील जळत राहू शकतो. म्हणून विहिरीत इंजिन चालले असेल, तर जळत्या कंदिलावर विश्वास ठेवू नये.

कोणी खाली पडलेच, तर काय करावे? मागोमाग उतरू नये. वरून बंद करता येत असेल, तर इंजिन बंद करावे. आरडाओरडा करून माणसे जमवावी. १०८ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करावा. हवेची टाकी पाठीवर असलेले अग्निशमन दलाचे लोक उतरू शकतात. साधा फडका तोंडाला बांधून उपयोग नाही. हा वायू फडक्यातून सहज जातो.

५. सामान काय लागेल?

नवा सायलेन्सर. नवा नळ, जुना सडला असेल तर. जोडात घालायचे नवे पॅकिंग. नवे नट, बोल्ट आणि वॉशर. पाने, मापाचे. नळ फिरवायचे दोन पाईप पाने. तारेचा ब्रश. बोथट पत्री किंवा खरवडणी. हातोडी. गंज सोडवणारे तेल. चिंध्या. हातमोजे आणि डोळ्यांचा चष्मा.

दुकानात जाताना जुना भाग काढून बरोबर न्यावा. तो नेता आला नाही, तर माप लिहून न्यावे. आता आपल्याला लिहिता येते. त्याचा उपयोग येथे करावा. कागदावर चार गोष्टी लिहाव्यात.

इंजिनाच्या पाटीवरचे नाव आणि क्रमांक.

नळाची जाडी, म्हणजे तोंडाचा व्यास.

नळाची लांबी.

नळाच्या टोकाला भोके असलेली जाड चकती असते. तिला फ्लँज म्हणतात. तिला भोके किती, आणि एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्या भोकाच्या मध्यापर्यंत अंतर किती.

पुठ्ठा फ्लँजवर दाबून धरला, तर भोकांचा ठसा उठतो. तो पुठ्ठा दुकानात दाखवावा. पण लक्षात ठेवा, पुठ्ठा फक्त मापासाठी. पुठ्ठ्याचे किंवा ट्यूबच्या रबराचे पॅकिंग या जोडात घालू नये. ते जळून जाते. धुराच्या जोडाचे, उष्णता सोसणारे पॅकिंग मागून घ्यावे.

नळ विकत घेताना काळा लोखंडी नळ घ्यावा. पाण्याचा पांढरा नळ असतो, त्यावर जस्त चढवलेले असते. तो फार तापला किंवा त्यावर वेल्डिंग केले, की जस्ताचा धूर निघतो. तो छातीला वाईट.

६. जुने भाग काढणे

पहिले काम: इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. आदल्या संध्याकाळी बंद केलेले असावे. सकाळी काम करावे. उजेड चांगला असतो आणि डोकेही शांत असते.

दुसरे काम: इंजिन चुकून सुरू होणार नाही, अशी व्यवस्था करावी. डिझेलचा कॉक बंद करावा. पट्टा उतरवावा. हँडल काढून दूर ठेवावे. बॅटरीवर सुरू होणारे इंजिन असेल, तर बॅटरीची तार सोडवावी. पोरांना लांब बसवावे. पोरांना चाक फिरवायची फार हौस.

तिसरे काम: बोल्टांवरची काजळी आणि गंज तारेच्या ब्रशाने काढावा. आट्यांवर गंज सोडवणारे तेल घालावे. ते रात्रभर मुरले तर उत्तम. म्हणून आदल्या दिवशी इंजिन थंड झाल्यावर तेल घालून ठेवावे.

चौथे काम: नट सोडवणे. येथेच बहुतेकांची गाडी अडते. मापाचा पानाच लावावा. ढिला पाना घसरतो, नटाचे कोपरे झिजतात, आणि हात फुटतो. नट एकदम उलटा ओढू नये. आधी तो किंचित आवळावा, मग सोडवावा. थोडा सुटला की पुन्हा आवळावा, पुन्हा सोडवावा. मधून तेल घालावे. असे पुढे-मागे केले की गंज मोडतो. पान्याला लांब नळी घालून जोर लावू नये. त्याने बोल्ट तुटतो आणि त्याचा तुकडा इंजिनात राहतो. मग दहा मिनिटांचे काम दोन दिवसांचे होते.

काही सायलेन्सरना फ्लँज नसते. ते आट्यांवर फिरवून बसवलेले असतात. तेथे दोन पाने लागतात. एका पान्याने खालचा वाकडा नळ घट्ट धरावा. दुसऱ्याने सायलेन्सर फिरवावा. एकाच पान्याने ओढले, तर सगळा जोर इंजिनाच्या हेडवर जातो. हेड ओतीव लोखंडाचे असते. ओतीव लोखंड वाकत नाही, फुटते.

पाचवे काम: शेवटचा नट काढण्याआधी नळाला खालून आधार द्यावा. दुसऱ्या माणसाला धरायला सांगावे. नळ जड असतो. पायावर पडला तर बोट जाईल.

सहावे काम: नळ निघाला की इंजिनाचे उघडे तोंड स्वच्छ चिंधीने बंद करावे. आत वॉशर पडला, खडा पडला, तर मोठे नुकसान होते. किती चिंध्या घातल्या, ते मोजावे. मोठ्या रंगाची चिंधी घ्यावी, म्हणजे विसरत नाही.

७. साफसफाई आणि एक सावधगिरी

जोडावर जुने पॅकिंग चिकटलेले असते. ते खरवडून काढावे लागते. येथे एक सावधगिरी हवी. जुन्या इंजिनांच्या पॅकिंगमध्ये आणि नळावर गुंडाळलेल्या दोरीत पुष्कळदा अस्बेस्टॉस असे. ते दगडाच्या तंतूंचे बनते. त्याची धूळ छातीत गेली, तर पुष्कळ वर्षांनी फुप्फुसाचा असाध्य रोग होतो. म्हणून जुने पॅकिंग कोरडे खरवडू नये. त्यावर पाणी शिंपडावे. ओले करून हळू काढावे. कानस किंवा फिरता ब्रश लावू नये. तोंडाने फुंकू नये. निघालेले तुकडे ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत बांधावे आणि पोरांच्या हाती लागणार नाहीत असे टाकावे. कपडे वेगळे धुवावेत.

जोड स्वच्छ झाला की त्यावर पोलादी पट्टी उभी ठेवावी. पट्टीखालून उजेड दिसतो का, ते पाहावे. उजेड दिसला तर जोड वाकडा आहे. वाकड्या जोडात नवे पॅकिंगही टिकत नाही. तो जोड लेथवर सपाट करून आणावा.

८. नवे भाग बसवणे

आधी चिंध्या काढाव्यात. मोजून काढाव्यात.

जोडात पॅकिंग ठेवावे. पॅकिंगचे भोक नळाच्या तोंडाबरोबर आले पाहिजे. ते आत सरकले, तर धुराची वाट अडते.

नळ बसवावा. सगळे नट आधी बोटांनी फिरवावे. पाना लगेच लावू नये. सगळे नट बोटांनी बसले, म्हणजे नळ सरळ आला. नळ ओढून-ताणून जागेवर आणावा लागत असेल, तर माप चुकले आहे. तसाच आवळला तर महिन्याभरात तडकेल.

आता पाना लावावा. एक नट थोडा आवळावा. मग समोरचा थोडा. मग पुन्हा पहिला. बैलगाडीची दोन्ही चाके बरोबर चालावीत, तसे दोन्ही नट बरोबर बसले पाहिजेत. एक पूर्ण आवळून मग दुसरा आवळला, तर फ्लँज तिरकी बसते.

सायलेन्सरला आधार द्यावा. भिंतीला किंवा चौकटीला पट्टी मारून नळ धरावा. सायलेन्सरचे वजन इंजिनाच्या हेडवर लोंबकळत ठेवू नये.

आता पट्टा न चढवता इंजिन सुरू करावे. एका काठीच्या टोकाला कागदाची पट्टी बांधावी. ती जोडाजवळ धरावी. पट्टी फडफडली, तर धूर गळतो आहे. हात लावून पाहू नये. धोतराचा सोगा किंवा पदर चाकाजवळ नेऊ नये.

नवा सायलेन्सर पहिल्यांदा तापला, की रंगाचा थोडा धूर येतो. त्याला भिऊ नये. अर्धा तास चालवून इंजिन बंद करावे. पूर्ण थंड झाले, की सगळे नट पुन्हा एकदा पाहावेत. पॅकिंग दबलेले असते. नट थोडे फिरतात. हे शेवटचे आवळणे पुष्कळ जण विसरतात, आणि आठ दिवसांत जोड पुन्हा गळतो.

९. धूर बाहेर न्यावा

इंजिन खोपीत असेल, तर नळ भिंतीबाहेर किंवा छपरावर काढावा. तोंड खिडकीजवळ नको आणि माणसे बसतात तिकडेही नको. वळणे कमी ठेवावीत. नळ लांब असेल, तर जाड घ्यावा. लांब आणि बारीक नळाने इंजिन गुदमरते. वरच्या तोंडाला पावसाची टोपी बसवावी. आडवा नळ बाहेरच्या बाजूला थोडा उतरता ठेवावा, म्हणजे पाणी इंजिनाकडे येणार नाही.

नळाजवळ पाचट, कडबा, डिझेलचा डबा ठेवू नये. चोंदलेल्या नळातून कधी कधी ठिणगी उडते. उसाच्या वाळल्या पाल्याला एक ठिणगी पुरते.

१०. पुरातून निघालेले इंजिन

आपली पंचगंगा २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये फार चढली. काठच्या मळ्यांत मोटारी आणि इंजिने पाण्याखाली गेली. पाणी ओसरले, की माणूस आधी हँडल मारून पाहतो. असे करू नये. सायलेन्सरमध्ये पाणी आणि गाळ भरलेला असतो. ते पाणी सिलिंडरमध्येही गेलेले असते. हवा दाबता येते, पण पाणी दाबता येत नाही. जोराने चाक फिरवले, तर आतला दांडा वाकतो.

म्हणून आधी सायलेन्सर आणि नळ काढावा. पाणी आणि गाळ ओतून टाकावा. इंजिनातले ऑइल आणि डिझेल काढून टाकावे. डिकॉम्प्रेशनचा खटका वर करून चाक हाताने हळू फिरवावे. पाणी बाहेर येईल. चाक अडले तर जोर लावू नये, मिस्त्रीला बोलवावे. नवे ऑइल आणि स्वच्छ डिझेल भरल्याशिवाय इंजिन सुरू करू नये.

११. होडीतले इंजिन

घाट उतरून खाली कोकणात गेले, की मालवण, रत्नागिरी, हर्णै या बंदरांत मासेमारीच्या होड्या दिसतात. पुष्कळ होड्यांच्या पोटात असेच डिझेल इंजिन असते. त्यांचाही धुराचा नळ सडतो. कोळी बांधवही तो हाताने बदलतात. रीत हीच. पण होडीत तीन गोष्टी जास्त सांभाळाव्या लागतात.

पहिली गोष्ट पाणी. काही होड्यांत गरम नळ थंड करण्यासाठी त्यात समुद्राचे पाणी सोडतात. धूर आणि पाणी मिळून बाहेर पडतात. जेथे पाणी धुरात मिसळते, तेथला वाकडा तुकडा खाऱ्या पाण्याने आतून सडतो. बाहेरून तो धड दिसतो. आतून फुटला, की पाणी उलटे इंजिनात जाते. म्हणून तो तुकडा दर वर्षी काढून आतून पाहावा. त्याच्या पुढे रबरी नळी असते. ती धुराच्या कामाचीच घ्यावी. तिच्या दोन्ही टोकांना दोन-दोन पट्ट्या आवळाव्यात. एक सुटली, तरी दुसरी धरते.

दुसरी गोष्ट उंची. होडीचा नळ इंजिनापासून आधी वर चढवतात आणि मग बाहेर उतरवतात. मागून लाट आली, तरी पाणी ती चढण ओलांडत नाही. नवा नळ बसवताना ही चढण मोडू नये.

तिसरी गोष्ट झोप. रात्री खलाशी होडीच्या खोलीत झोपतात. जोड गळत असेल, तर वायू खोलीत भरतो. झोपलेल्या माणसाला डोकेदुखीही कळत नाही. ज्या होडीचा जोड गळतो, तीत इंजिन चालू ठेवून झोपू नये.

हे काम होडी किनाऱ्यावर ओढलेली असताना करावे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. तो काळ या दुरुस्तीला चांगला.

१२. मिस्त्रीला केव्हा बोलवावे?

बोल्ट तुटून त्याचा तुकडा आत राहिला, तर. हेडला किंवा ओतीव नळाला चीर गेली, तर. आटे झिजले, तर. जोड वाकडा असेल, तर. ओतीव लोखंडाला साधी वेल्डिंगची काडी चालत नाही, शेजारी पुन्हा चीर जाते. अशा वेळी मिस्त्रीचे पैसे वाचवू नयेत. आपले काम आपण करणे ही हुशारी आहे, आणि आपले काम कोठे संपते हे ओळखणे हीसुद्धा हुशारीच आहे.

ध्यानात ठेवा

इंजिन थंड झाल्यावरच काम करावे.
कॉक बंद, पट्टा खाली, हँडल दूर.
नट पुढे-मागे करून सोडवावा. जोर करू नये.
जुने पॅकिंग ओले करून काढावे.
चिंध्या मोजून घालाव्यात, मोजून काढाव्यात.
नट आळीपाळीने आवळावेत. थंड झाल्यावर पुन्हा पाहावेत.
इंजिन विहिरीत चालवू नये. पडलेल्याच्या मागे उतरू नये.

प्रश्न

१. सायलेन्सर आतून का गंजतो?
२. इंजिन मिनिटाला १००० फेरे घेते. तर मिनिटाला धूर किती वेळा बाहेर पडेल?
३. कंदील जळत असला, तरी विहिरीत धोका कसा असू शकतो?
४. पुरातून निघालेले इंजिन लगेच का फिरवू नये?
५. आपल्या किंवा शेजाऱ्याच्या इंजिनाच्या नळाचे माप घ्या आणि वहीत लिहा. जोडाभोवती काजळी दिसली, तर तेही लिहा आणि मालकाला वाचून दाखवा.

शब्दांचे अर्थ

दट्ट्या – सिलिंडरमध्ये खालीवर होणारा भाग, पिस्टन.
पॅकिंग – दोन भागांच्या जोडातून गळू नये म्हणून घातलेली चकती.
आटे – बोल्टावरच्या किंवा नळावरच्या फिरत्या खाचा.
ओतीव लोखंड – वितळवून साच्यात ओतलेले लोखंड.
व्यास – गोलाच्या मध्यातून एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंतचे अंतर.